म्हशीचा ढेकर, नाल्यातले शेण आणि आपले दूध

ओपीडीत हल्ली एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. "डॉक्टर, गाई-म्हशींमुळे म्हणे पृथ्वी तापते. मग घरात दूध बंद करायचं का?" विचारणाऱ्यांत कॉलेजची मुले असतात, तसेच परदेशातल्या लेकीने फोनवर सुनावल्यामुळे गोंधळलेले आजी-आजोबाही असतात. त्याच आठवड्यात दुसरे कोणीतरी म्हणते, "काहीतरीच! विमानं आणि गाड्या सोडून गरीब जनावराच्या मागे लागलेत."

दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. पण दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते, आणि ती मुंबईत गोरेगाव-जोगेश्वरीच्या बाजूला राहणाऱ्याच्या नाकाला रोज जाणवते. माझे मत आधीच सांगून टाकतो. मोठ्या शहरात किंवा शहराच्या वेशीवर जनावरे दाटीवाटीने ठेवली, की मुख्य प्रश्न ढेकराचा राहत नाही. तो शेणाचा होतो आणि त्याहून जास्त भाकड म्हशीचा होतो. ढेकर सगळीकडचा सारखाच असतो. बाकीच्या दोन गोष्टी आपण केलेल्या आहेत.

ढेकर येतो कुठून?

तुम्हाला-मला पेंढा पचत नाही. गवतातले सेल्युलोज फोडणारे विकर आपल्याकडे नाही, आणि म्हशीकडेही नाही. तिच्याकडे आहे कोठीपोट. शंभर लिटरहून मोठी एक पिशवी, ज्यात कोट्यवधी जिवाणू, बुरशी आणि प्रोटोझोआ तो चारा आंबवत बसतात. आंबवताना हायड्रोजन तयार होतो. तो साठत गेला तर आंबवण्याची क्रियाच मंदावेल. म्हणून आर्किया नावाचे सूक्ष्मजीव तो हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून त्याचा मिथेन करतात आणि म्हैस तो तोंडावाटे बाहेर टाकते. होय, तोंडावाटे. हा विषय निघाला की लोक दुसऱ्याच टोकाकडे बोट दाखवून हसतात, पण नव्वद टक्क्यांहून अधिक मिथेन ढेकरातून येतो.

यात जनावराचेही नुकसान आहे. चाऱ्यातली साधारण २ ते १२ टक्के ऊर्जा अशी वायू होऊन उडून जाते. चारा जितका निकृष्ट, तितकी ही गळती मोठी. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर जगणारे जनावर खाल्लेल्या घासाचे दूध कमी आणि वायू जास्त करते.

आता आकडे. हवामानविषयक आंतरशासकीय समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २००६ च्या मार्गदर्शिकेत एका म्हशीचा वर्षाचा मिथेन ५५ किलो धरला आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन साधारण २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणजे एका म्हशीचे वर्षाचे ढेकर झाले सुमारे दीड टन. पेट्रोलच्या भाषेत सांगायचे तर लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवली, तर जवळपास तेवढेच होते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ११ कोटी म्हशी आणि १९ कोटी गाई-बैल मोजले गेले. गुणाकार तुम्हीच करा.

पण ही तुलना एका ठिकाणी फसवी आहे. गाडीतून निघणारा कार्बन जमिनीखालून काढलेला असतो, तो वातावरणात नव्याने भर घालतो आणि शेकडो वर्षे तिथेच राहतो. म्हशीच्या ढेकरातला कार्बन गवताने हवेतूनच घेतलेला असतो आणि मिथेन साधारण बारा वर्षांत विघटित होतो. मी पेशंटना हे असे सांगतो: कार्बन डायऑक्साइड हा संसर्ग आहे आणि मिथेन हा चढलेला ताप. मिथेन कमी करणे म्हणजे पॅरासिटामॉल देणे. ताप लवकर उतरतो, पेशंटला श्वास घ्यायला उसंत मिळते. पण संसर्गावरचे औषध त्यामुळे टळत नाही. पॅरासिटामॉल दिले म्हणून अँटिबायोटिक बंद करणारा डॉक्टर जितका चूक, तितकाच चाळीस अंश तापाने फणफणलेल्या मुलाला ताप उतरवायचे औषध न देणाराही चूक.

आपल्या देशाच्या २०१६ च्या अधिकृत हिशेबात एकूण उत्सर्जनातला सुमारे ७५ टक्के वाटा ऊर्जाक्षेत्राचा, म्हणजे कोळसा, तेल आणि वायू जाळण्याचा होता. शेतीचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातला निम्म्याहून अधिक जनावरांच्या रवंथाचा. त्यामुळे म्हशीला आरोपीच्या पिंजऱ्यात पहिल्या रांगेत उभे करणाऱ्यांशी माझे पटत नाही. २०२१ मध्ये ग्लासगोला जागतिक मिथेन करार झाला तेव्हा भारताने सही केली नाही. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या माणसाचा मिथेन आणि वायुगळती न थांबवणाऱ्या तेल कंपनीचा मिथेन एकाच तागडीत तोलू नयेत, हा मुद्दा मला मान्य आहे. मात्र दोन म्हशींच्या त्या माणसाच्या आड मुंबईचा दोनशे म्हशींचा तबेला लपवू नये.

शहरातले शेण

गावात शेण ही लक्ष्मी असते. ते उकिरड्यात जाते, शेतात पसरते, गोवऱ्या थापल्या जातात. शहरात शेत नाही. चारशे किलोच्या जनावराचे रोजचे शेण १५ ते २० किलो, शिवाय मूत्र. दोनशे म्हशींच्या तबेल्यात रोज तीन ते चार टन शेण पडते. ते उचलायला टेम्पो लागतो, टेम्पोला पैसे लागतात. पाण्याचा पाइप मात्र हाताशीच असतो. मग जमीन धुतली जाते आणि सगळे गटारात. मुंबईत ओशिवरा आणि दहिसर नद्यांच्या काठावरच्या तबेल्यांबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी होतात त्या याच कारणाने. नदी म्हणायचे आणि नाला पाहायचा.

आता यातली वायूची गोम पाहा. तेच शेण वाळवले किंवा शेतात पसरले, तर त्याला भरपूर हवा मिळते आणि मिथेन जेमतेम तयार होतो. मिथेन होण्याची शेणाची जेवढी क्षमता आहे, तिच्या दोन टक्क्यांच्या आतच. तेच शेण पाण्यात कालवून उष्ण हवेत साचू दिले, तर प्राणवायूविना सडून ही मात्रा सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. शेण तेच, म्हैस तीच, फरक फक्त पाण्याचा. मुंबईच्या उकाड्यात तुंबलेला, शेणाने भरलेला नाला म्हणजे झाकण नसलेला गोबरगॅसचा प्लँट. गॅस तयार होतो, पण चुलीत न जाता आकाशात जातो.

आणि हे शहर गोबरगॅसला नवखेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून वायू करून तो वापरात आणला गेला होता. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचा गोबरगॅस गावोगावी नेला. तंत्र जुने, परवडणारे आणि पारखलेले आहे. एक किलो ताज्या शेणापासून साधारण चाळीस लिटर गॅस मिळतो. तीन टनांचा हिशेब केला तर रोज १२० घनमीटर, म्हणजे घरगुती सिलिंडरच्या मापात साडेतीनाच्या आसपास. मिथेन जाळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि सत्तावीसपट ताकदीचा वायू एकपटीवर येतो. वर चहाही होतो.

मग होत का नाही? तबेलेवाल्यांशी बोलले की कारण कळते. "डॉक्टरसाब, कल हटाएंगे तो?" उद्या हटवायचे असेल तर आज टाकी कोण बांधणार? तबेले मुंबईबाहेर नेण्याची चर्चा इतकी जुनी आहे, की त्या टांगत्या तलवारीखाली कोणी विटेवर वीट रचत नाही. हटवणे होत नाही आणि सुधारणाही होत नाही.

हटवून काय होते, याचे उदाहरण आपल्यासमोरच आहे. मुंबईतले गोठे म्हणजे रोगराई, म्हणून म्हशी शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना तेव्हा आदर्श मानली गेली. खुरोडींना १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यात वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल हेही सहमानकरी होते. बत्तीस युनिट, सोळा हजारांच्या घरात जनावरे, पॅरा गवताची कुरणे. तेव्हा गोरेगाव शहराबाहेर होते. आज ते शहराच्या मध्यावर आहे. मग पालघरकडे दापचरीला प्रकल्प झाला. उद्या दापचरीही शहरात येईल. वास हलवता येतो, मिथेन हलवून कमी होत नाही, कारण त्याच्यासाठी गोरेगाव काय आणि दापचरी काय, आभाळ एकच.

भाकड म्हशीचा हिशेब

हा भाग फारसा कोणी मांडत नाही आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मुंबईच्या तबेल्यात म्हैस जन्मत नाही. ती हरियाणा-गुजरातेतून येते, नुकतीच व्यालेली, दुधाच्या भरात. इथे जागेचे भाडे, पाणी, बाहेरून आणलेला चारा, सरकी पेंड, चुणी, सगळे महाग. दूध देते तोवर तिचा खर्च निघतो. आटली की एक दिवस ठेवणेही तोट्याचे. गाभण करून पुढच्या वितापर्यंत सांभाळायला जागा नसते. मग ती भाकड म्हणून निघते. काही पुन्हा गावी सांभाळायला जातात, बऱ्याच कत्तलखान्यात. तिच्या जागी नवी म्हैस येते.

आता वायूचा हिशेब करा. मुऱ्हा म्हैस पहिल्यांदा व्यायला साधारण साडेतीन ते चार वर्षे लागतात. या चार वर्षांत ती दूध देत नाही, पण चारा खाते आणि ढेकर रोज देते. ती पुढे पाच-सहा वेते दूध देणार असेल, तर त्या चार वर्षांचा मिथेन पाच-सहा वेतांच्या दुधावर वाटला जातो. एकाच वेतानंतर ती संपली, तर सगळा भार त्या एका वेताच्या दुधावर पडतो. मुंबईच्या कागदावर हे दिसत नाही. इथे दिसते ती फक्त भरपूर दूध देणारी म्हैस. तिचे बालपण हरियाणाच्या खात्यात मांडलेले आणि तिचा शेवट आणखी कुठल्या तरी खात्यात.

दर जनावरामागे आणि दर लिटरमागे हे दोन हिशेब वेगळे असतात, हे आयपीसीसीच्याच जुन्या तक्त्यातून कळते. उत्तर अमेरिकेतली दुभती गाय वर्षाला सुमारे १२८ किलो मिथेन सोडते, भारतीय उपखंडातली ५८ किलो. वाटते आपलीच गाय गुणी. पण त्या तक्त्यात तिचे वर्षाचे दूध आहे ८,४०० किलो आणि आपलीचे ९००. म्हणजे एका किलो दुधामागे तिथे १५ ग्रॅम, इथे ६४. आपली गाय तिच्यासारखी कारखान्यात कोंडावी असे मी म्हणत नाही, त्या पद्धतीचे रोग वेगळे आहेत. पण कमी जनावरे, चांगला चारा आणि एकेका जनावराकडून अनेक वेते, हा मार्ग हवामानालाही मानवतो आणि शेतकऱ्याच्या खिशालाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा संतुलित आहाराचा कार्यक्रम याच विचारावर उभा आहे. बंगळुरूच्या पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचे पूरक खाद्य काढले आहे, त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो असे ते सांगतात. चांगली गोष्ट आहे. पण म्हैस एकाच वेतात संपवायची आणि तिच्या पेंडीत पावडर घालायची, हे मला मधुमेहाच्या पेशंटने जिलेबीवर गोळी घेण्यासारखे वाटते.

भाकडाच्या या चक्रात रेडकूही येते. आईचे दूध विकायचे, तर रेडकाला कोण पाजणार? शहरातल्या तबेल्यांत बरीच रेडके जगत नाहीत. रेडकू नसले की म्हैस पान्हा चोरते. मग ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन. (कलकत्त्याच्या गोठ्यांत दूध काढण्यासाठी होणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रथेने गांधीजींचे मन दुधावरून उडाले होते. इंजेक्शन हा त्याचाच सुधारित अवतार म्हणायचा.) पालक मला काळजीने विचारतात, की या इंजेक्शनच्या दुधाने मुली लवकर वयात येतात का. ऑक्सिटोसिन हे प्रथिनाच्या जातीचे संप्रेरक आहे, ते पोटात पचून जाते, आणि या दुधाने मुली लवकर वयात येतात असा पुरावा नाही. हाल होतात ते म्हशीचे. तेवढे कारण मला पुरेसे वाटते.

आपल्या अंगणातले परिणाम

गोरेगावच्या म्हशीचा मिथेन गोरेगावकरांच्याच छातीत जात नाही. तो साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो, तिथे जमिनीलगतचा ओझोन वाढवायला हातभार लावतो आणि तो ओझोन दम्याच्या पेशंटला बाधतो. हा परिणाम खरा आहे, पण दूरचा आहे.

जवळचा आहे तो अमोनिया. शेण-मूत्रातून निघणारा हा वायू गाड्या आणि कारखान्यांच्या धुरातल्या नायट्रोजन व गंधकाच्या ऑक्साइडशी मिळून अतिसूक्ष्म कण तयार करतो. पीएम २.५ म्हणून ज्याचा आकडा आपण हिवाळ्यात मोबाइलवर पाहतो, त्यात हेही असतात. म्हणजे शहराचा धूर आणि शहरातला गोठा एकमेकांना साथ देतात. गावात हाच अमोनिया एवढा त्रासदायक ठरत नाही.

आणि सगळ्यात जवळचा आहे लेप्टोस्पायरोसिस. याचा हरितगृह वायूंशी संबंध नाही, पण तोच नाला, तेच शेण-मूत्र, म्हणून सांगतो. लेप्टोचे जिवाणू उंदरांच्या मूत्रातून येतात हे सर्वांना ठाऊक असते. गाई-म्हशी आणि कुत्र्यांच्या मूत्रातूनही येतात, हे कमी जणांना ठाऊक असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईने लेप्टोची मोठी साथ पाहिली. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे यांपैकी काही झाले, तर "व्हायरल असेल" म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगा. तबेल्यात काम करणाऱ्यांचे पाय तर वर्षभर ओले असतात आणि त्यांच्या टाचांना भेगा असतात. हे बहुतेक उत्तर प्रदेशातून आलेले लोक, गोठ्याच्याच वरच्या माळ्यावर झोपणारे. वायूंच्या चर्चेत त्यांचे नावही येत नाही.

मग दूध बंद करायचे का?

लहान मूल, गरोदर बाई, वरणभात-भाजीपोळीवर राहणारे शाकाहारी घर, यांना मी दूध बंद करा असे सांगणार नाही. शाकाहारी माणसाला ब-१२ जीवनसत्त्वाचा नैसर्गिक आधार म्हणजे दूध-दहीच. ओपीडीत ब-१२ ची कमतरता मी रोज पाहतो. एका कपात सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात, बदामाच्या महागड्या 'दुधात' त्याच्या एक-पंचमांशही नसतात. सोया दूध प्रथिनांत बरोबरी करते, पण ब-१२ वरून घातलेले आहे का ते पाकिटावर पाहावे लागते.

पण सगळीच घरे अशी नसतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढाला दिवसाला ३०० मिली दूध किंवा दही पुरेसे मानले आहे. ज्यांच्या घरी त्यावर पनीर, चीज, श्रीखंड आणि चमचा-चमचा तूप असते, आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर असते, त्यांना मी कमी करायला सांगतोच. एक किलो पनीरला पाच लिटरच्या आसपास दूध आटते. लग्नाच्या पंगतीत उष्टे टाकलेले पनीर म्हणजे कोणाच्या तरी म्हशीचा आख्ख्या दिवसाचा ढेकर.

सरकार आणि महापालिका यांच्याकडून माझी अपेक्षा हटवण्याची नाही, हिशेबाची आहे. मोठ्या गोठ्यांनी शेण नाल्यात सोडू नये, प्रदूषण मंडळाची संमती घ्यावी, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेच. त्यावर अंमल करायचा तर तबेल्याला निदान दहा वर्षे जागेची लेखी हमी द्या आणि त्या बदल्यात गोबरगॅसची टाकी सक्तीची करा. पाइपने धुण्याआधी शेण कोरडे उचलायची अट घाला. एवढ्यानेच नाल्यातला निम्मा त्रास जाईल असा माझा अंदाज आहे. भाकड म्हशीसाठी गावाकडे सांभाळकेंद्रे हवीत, जिथून ती पुन्हा व्याली की तबेलेवाला परत आणू शकेल. त्याचा खर्च लिटरमागे रुपया-दोन रुपये वाढला तर ते आपण द्यायला हवेत.

आणि तबेल्यातल्या कामगारांना गमबूट द्यावेत, दरवर्षी जूनच्या आधी. त्यासाठी कुठल्याही अहवालाची वाट पाहायची गरज नाही.